धक्का

तीनशे मीटर लांबीचं तेलवाहू जहाज
मी धक्क्याला लावतो,
धक्का न लावता.
सव्वीस वर्षं हेच करतोय, त्रिएस्तेच्या बंदरात.
दोरशिडीने चढायचं, कप्तानाशी हात मिळवायचा,
कुणीतरी कागदी कपात कॉफी आणून देतं,
आणि मी समोर बघत म्हणतो,
सुकाणू डावीकडे पाच. अगदी मंद. आता सरळ.
कुणा अनोळखी खलाशाचे हात चाक फिरवतात
आणि अख्खा डोंगर
वळतो.

हे आधीच सांगून ठेवलं,
कारण पुढचं ऐकून तुम्ही हसाल.

मार्चमध्ये गाडी घेतली.
काळपट हिरवी, विहिरीतल्या शेवाळासारखी.
किंमत सांगत नाही.
नीवेसला सांगितली तीही थोडी उतरवून.
वडील ह्याच गोदीत कॉफीची पोती वाहायचे.
त्यांच्याकडे एक सायकल होती
आणि तीही अर्धी काकाची.

शोरूमपासून घर चार किलोमीटर.
मला पन्नास मिनिटं लागली.
मागे बस बोंबलत होती, पुढे कुणीच नव्हतं,
आणि स्कूटरवाली पोरं आरशाजवळून अशी सटकत होती
की गालावरून वस्तरा फिरावा.

आमच्या इमारतीखाली गॅरेजात एक खांब आहे.
इतकी वर्षं त्याच्याकडे मी धड पाहिलंही नव्हतं.
आता तो झोपेत येतो.
त्याला मी टगबोटीचं जुनं टायर बांधलं,
दोराचे तीन वेढे देऊन, पक्क्या गाठीने.
शेजारच्या झोराबाई विचारतात,
कधी लागतंय जहाज?

बाजाराला गेलो तर सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात उभी करतो,
दोन्ही अंगांना चार चार जागा मोकळ्या सोडून.
परत येतो तो सगळं मैदान रिकामं
आणि एक पांढरी व्हॅन
नेमकी हिला खेटून.
मग तिच्या दारावर बोट फिरवत, वाकून, उजेडाच्या तिरक्या रेषेत
मी इतका वेळ बघत राहतो
की ब्रेड आणायचा राहून गेलाय
हे घरी गेल्यावर कळतं.

परवा बोरा सुटला.
आमच्याकडचा वारा. कुत्री आडवी चालतात, टोप्या समुद्रात जातात.
गॅरेजचं शटर अर्ध्यात अडकलं,
वर जाईना, खाली येईना.
रस्त्यावर एकच जागा उरलेली,
झोराबाईंच्या पोचे पडलेल्या डब्याच्या
आणि एका मोटरसायकलच्या मध्ये. उतारावर.
पाच चकरा मारल्या.
सहाव्या चकरेला नीवेस म्हणाली,
लिव्हिओ, उतर.

अकरा वर्षांत तिने चाकाला हात लावला नव्हता.
सीट पुढे ओढली, आरसा स्वतःकडे वळवला,
आधी लिपस्टिक पाहिली, मग रस्ता.
मी दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभा,
कोट डोक्यावर उलटा,
आणि तोंडातून आपोआप निघालं,
उजवीकडे पंधरा. अगदी मंद. थांब.
डावीकडे पूर्ण. आता येऊ दे, येऊ दे...

आणि ती आली.
दोन बोटं मोटरसायकलपासून, तीन बोटं डब्यापासून.

तेव्हा कुठे डोक्यात शिरलं,
सव्वीस वर्षांत मी एकाही जहाजाच्या
चाकाला हात लावलेला नाही.
हात कायम दुसऱ्याचे.
आणि जहाजही दुसऱ्याचं,
खरचटलंच तर भरायचे अर्ज तेवढे माझे.

नीवेस उतरली. हातात पिशव्या,
दार कमरेने ढकललं. धाडकन.
माझ्या छातीत काहीतरी हललं,
पण मी बोललो नाही.
"एवढंच होतं होय," ती म्हणाली.
हो म्हणणार होतो,
तेवढ्यात वरच्या वळणावरून
कचऱ्याचा एक मोठा डबा
उतारावर गडगडत निघाला,
झाकण उघडमीट करत, आमच्याच दिशेने.
त्याच्यावर ना कप्तान, ना नांगर.
मी हात वर केला
आणि सवयीने म्हणालो,
अगदी मंद.